आठ दिवसांची सूचना

वैशाखातल्या एका शुक्रवारी बोरखेडीच्या मारुतीसमोर सगळं गाव भर उन्हात बसलं होतं. पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुषांनी डोक्याला शेले गुंडाळले होते, बायांनी पदर पुढे ओढले होते, आणि सगळ्यांच्या नजरा अंगणात ओळीने मांडलेल्या सहा मडक्यांवर होत्या. मडकी कोरी करकरीत, तोंडावर मातीची झाकणं. प्रत्येक मडक्यात कापसाचा एकेक बोळा, आणि प्रत्येक बोळा एकेका माणसाच्या नावाचा. मडक्यांपासून वीस पावलांवर ज्वालानाथ बाबा छत्रीच्या सावलीत डोळे मिटून बसला होता.

बाबाचं वय म्हणे एकशे बारा. दाढी मात्र अजून अर्धी काळी होती. तो स्वतःला हिमालयातला म्हणवायचा आणि बोलायचा बऱ्हाणपूरच्या बाजारातलं हिंदी. "आग बाहर से नहीं आती, बेटा," तो मधूनच डोळे किलकिले करून सांगे. "आग पापी के नाम में सोयी रहती है. देवी जगाती है, हम तो बस ढक्कन उठाते हैं." देवी त्याच्याशी रोज पहाटे बोलते, हेही तो सांगे. ती त्याच्या जेवणाविषयीही बोलत असावी, कारण कुठल्या घरी पुरणपोळी करायची हे बाबाला नेमकं ठाऊक असे.

तिसऱ्या प्रहरी त्याने बोट वर केलं. चेल्याने लांब काठीने एकेक झाकण सरकवायला सुरुवात केली. पहिल्या तीन मडक्यांतला कापूस पांढराशुभ्र होता. चौथ्या झाकणाच्या कडेने धूर येत होता, आणि झाकण बाजूला पडताच आतल्या बोळ्याने भपकन पेट घेतला. कुणी काडी लावली नव्हती, सकाळपासून कुणी जवळही गेलं नव्हतं. गावाने जमिनीला कपाळ टेकलं. चौथं मडकं मैनाबाईच्या नावाचं होतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी त्या दिवशी तिथून तीन कोसांवर, अमरावतीला, आमच्या नव्या सभेचे नियम सुवाच्य अक्षरात उतरवून काढत बसलो होतो. आज माझी सत्तरी उलटली आहे. पुढे मी बरंच काही लिहिलं, पण त्या नियमांच्या कागदाइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

ते शके सतराशे शहाऐंशी. समुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता, आणि आमच्या वऱ्हाडातला कापूस लोक हातोहात उचलत होते. शेतकऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. कापूस ठेवायला जागा पुरेना तेव्हा तो माजघरात आला, देवघरात आला, चुलीच्या भिंतीला टेकून आढ्यापर्यंत रचला गेला. अशा घराला आग लागायला देवीचा कोप लागत नाही, चिलमीतला एक निखारा पुरतो. बोरखेडीत त्या उन्हाळ्यात दोन घरं जळाली. दुसऱ्या घरात तान्हं मूल गेलं. गाव दुःखाने भांबावून कारण शोधत होतं, आणि नेमक्या त्याच वेळी अकोल्याकडून फिरत फिरत ज्वालानाथ बाबा आला.

बाबाचं म्हणणं सोपं होतं. गावात कुणीतरी चेटूक करतं म्हणून आगी लागतात. ते माणूस देवी दाखवून देईल. तोवर ज्या घरातून देवीला एक गाठोडं कापूस पोचेल ते घर सुरक्षित. मारुतीमागच्या खोलीत कापसाची रास वाढू लागली. कुणी काही बोललं नाही. बोलली फक्त मैनाबाई. सगळ्यांसमोर तिने विचारलं, "देवीले कापूस काहून लागते, बाबा? तिले का वाती वळाच्या हायेत?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बाबाही हसला. दोन दिवसांनी संशयितांच्या सहा नावांत तिचं नाव होतं.

मैनाबाई म्हणजे महादेवरावांची विधवा बहीण. महादेवराव गावातले बऱ्यापैकी शेतकरी. त्यांचा मुलगा सूर्यभान दोन वर्षांचा असताना त्याची आई वारली, तेव्हापासून या आत्यानेच त्याला वाढवलं. आयुष्यभर रेच्यावर कापसातून सरकी काढून तिच्या उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती. सूर्यभानला अमरावतीच्या इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून भावाशी चार दिवस अबोला धरणारी तीच. शाळेत तो आमच्या वर्गात होता, माझ्या शेजारच्या चटईवर.

आता आमच्या सभेविषयी सांगतो. आमचे मोरोपंत मास्तर एकदा मुंबईच्या विद्यापीठाच्या परीक्षेला बसून आले होते. उत्तीर्ण झाले नाहीत, पण येताना ते तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका सभेचे छापील नियम घेऊन आले. विद्यार्थी एकत्र बसतात, निबंध वाचतात, वाद करतात, आणि हात वर करून ठराव करतात, हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही हरखून गेलो. चैत्रात आम्ही अकरा जणांनी ज्ञानेच्छू सभा काढली. मास्तर अध्यक्ष, मी चिटणीस. माझे वडील वकील असल्यामुळे कागद आणि कलमं मला घरचीच वाटत. नियमांत सातवा नियम असा होता: सभेपुढे आणायचा विषय कोणाही सभासदाने आठ दिवस आधी लेखी सूचना देऊन कळवावा.

शुक्रवारी बोळा पेटला आणि शनिवारी सूर्यभान गावी जाऊन आला. रविवारी सकाळी सभेला आला तो धुळीने भरलेला, न जेवलेला. आम्ही चटया अंथरत होतो. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आत्याला गुरांच्या कोठ्यात बसवलं होतं. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिला कुणी पाणी द्यायचं नाही, जो देईल त्याचं नाव पुढच्या मडक्यात, असा बाबाचा हुकूम होता. वडील तोंड फिरवून बसले होते. तो स्वतः घागर घेऊन कोठ्यात गेला तेव्हा आत्याने आधी त्याला ओरडून बाहेर काढलं आणि मग दाराच्या फटीतून हात काढून तांब्या घेतला. फटीतूनच तिने त्याला एक गोष्ट सांगितली होती.

"बाबानं सहाही जनाचा कापूस घेतला, शालीखाली नेऊन मंतर म्हनला, अन् ज्याचा त्याच्या हातात वापस देल्ला," सूर्यभान म्हणाला. "आत्याच्या बोळ्याले जवसाच्या तेलाचा वास येत व्हता. गाडीले लावतेत ना कढवून, तसा. बाकीच्यायच्याले नोता. तिनं विचारून पायलं. मास्तर, तुमी आजच चला. सारेच चला. माह्या एकट्याचं कोन आयकते? शाळेचे लोक आले तर गाव आयकीन."

मास्तर चांगले गृहस्थ होते. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दोनदा टोपी काढून पुन्हा घातली. पण नियमांवर त्यांचा जीव होता, आणि तो उगाच नव्हता. ज्या मुलखात पाटलाच्या मर्जीने, सुभेदाराच्या मर्जीने सगळं चालत आलं, तिथे अकरा पोरं एका कागदाला मानतात, याचं त्यांना फार अप्रूप होतं. ते म्हणाले, "नुसत्या तेलाने आग कशी लागते हे मला स्वतःला ठाऊक नाही. नुसतं जाऊन काय दाखवणार? चिटणीस, नियम काय सांगतो?"

मी सातवा नियम वाचून दाखवला. स्पष्ट आवाजात, एकेक शब्द सुटा करून. वर म्हणालो की आजचा विषय ठरलेला आहे, 'विद्या श्रेष्ठ की धन श्रेष्ठ', तेव्हा हा विषय पुढच्या रविवारी घेता येईल.

खरं कारण सांगतो. तो निबंध माझा होता. अकरा दिवस खपून मी तो लिहिला होता, त्यात चार संस्कृत श्लोक घातले होते, आणि मला तो त्याच दिवशी वाचायचा होता.

सूर्यभानने कागद मागितला, तिथेच खाली बसून सूचना लिहिली, खाली सही केली आणि माझ्या हातात दिली. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. नंतर मी निबंध वाचला. विद्या श्रेष्ठ ठरली.

तो आठवडा आम्ही रिकामे बसलो असं कुणी म्हणू नये. नियमात प्रयोगाला बंदी नव्हती. मास्तरांनी सोमवारपासूनच शाळेच्या पडवीत चूल मांडली. जवसाचं तेल घेतलं, त्यात कापूस भिजवला, उन्हात ठेवला. संध्याकाळपर्यंत नुसता चिकट लगदा झाला. मंगळवारी तोच बोळा मडक्यात ठेवला, तो जरा कोमट लागला इतकंच. मग सूर्यभान एका चिताऱ्याकडे गेला आणि विचारून आला की गाडी रंगवायचं तेल लवकर वाळावं म्हणून काय करतात. चितारी म्हणाला, तेलात मुरदाडशिंग, म्हणजे शिशाची भस्मपूड, घालून कढवतात, आणि तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गठ्ठ्याने ठेवत नाहीत, त्या गरम होतात. हे ऐकून मास्तर जागेवरून उठलेच. बुधवारी आम्ही तेल कढवलं. पण बोळा तेलाने निथळत होता, तो पेटला नाही.

त्याच बुधवारी संध्याकाळी बोरखेडीचा एक गाडीवान निरोप घेऊन आला. मैनाबाई पहाटेच गाव सोडून रिद्धपूरला चालत निघाली होती. तिथे महानुभावांच्या मठात एकट्यादुकट्या बायकांना आसरा मिळतो, जातपात आणि मागचं-पुढचं कुणी काढत नाही, हे सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे. ऐकून आम्हाला सुटल्यासारखं झालं. सूर्यभान तर त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवला. त्याचा बेत असा की बाबाचं बिंग फोडायचं, आणि मग वाजतगाजत आत्याला घरी आणायचं.

शनिवारी साधलं. कढवलेल्या तेलात कापूस बुडवून घट्ट पिळला, त्याला कोरड्या कापसाची जाड गादी गुंडाळली, कोऱ्या मडक्यात ठेवून झाकण लावलं आणि मडकं उन्हात सोडलं. तिसऱ्या प्रहरी कडेने धूर निघाला. सूर्यभानने काठीने झाकण उडवलं आणि बोळा पेटला. आम्ही अकरा जण वेड्यासारखे नाचलो. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी सकाळी सभा भरली. सूचना वाचली, अनुमोदन झालं, बोरखेडीस जाऊन प्रयोग दाखवावा असा ठराव सर्वानुमते संमत झाला. ते सगळं मी वहीत नीट लिहिलं. मग आम्ही दोन गाड्या जुंपून निघालो.

बाबा अजून बोरखेडीतच होता, आणखी एका गावाची परीक्षा घ्यायच्या तयारीत. मास्तरांनी त्याला हात जोडले आणि विनंती केली की आम्ही विद्यार्थी आहोत, आम्हालाही देवीची सेवा करू द्या. गावासमोर नाही म्हणणं त्याला जमलं नाही. आम्ही सहा मडकी मांडली. गावातली पाच नावं घेतली आणि सहावं ज्वालानाथ बाबांचं. मग मास्तर गावच्या पुंजाराम पाटलांना बाजूला घेऊन म्हणाले की पाटील, यातलं कुणाचं नाव पेटवायचं ते तुम्हीच सांगा.

पाटील गोंधळले. डोकं खाजवून हळूच म्हणाले, "बाबाचंच घ्या. गावातल्या मानसाचं नाव पेटलं तर त्याचं वाईट हुईन. बाबाले कायचं भेव?"

दुपारभर गाव बसून राहिलं. बाबाची मात्र चुळबुळ सुरू झाली. आज देवी उपवासाला आहे, आज अमुक नक्षत्र आहे, कलजुगात परीक्षा वारंवार घेऊ नये, असं त्याचं पुटपुटणं चालू होतं. दिवस कलला तेव्हा सूर्यभान काठी घेऊन पुढे झाला. पाच मडक्यांत पांढरा कापूस निघाला. सहाव्याचं झाकण पडताच ज्वालानाथ बाबाच्या नावाचा बोळा भडभडा पेटला.

"ये जादू है," बाबा उठून ओरडला. "अंगरेज की काली विद्या है."

"विद्या आहे, जादू नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पारावर उभं राहून सगळं उलगडून सांगितलं. कढवलेलं जवसाचं तेल वाळताना हवा पितं आणि तापतं. पातळ थर असला तर ती ऊब उडून जाते. कापसाच्या गादीत कोंडली तर वाढत वाढत जाते, वरून वैशाखाचं ऊन तिला मदत करतं. आत कापूस धुमसत असतो, झाकण काढल्यावर मोकळी हवा मिळते आणि ज्वाळा उठते. सहा बोळ्यांपैकी ज्याला तेल लावलं तोच पेटणार, नाव कुणाचंही असो. बोळा बदलला जातो तो शालीखाली. आणि तुमची दोन घरं जळाली ती चुलीशेजारी कापूस रचल्यामुळे, तो आजच्या आज हलवा.

तोवर पोरांनी चेल्याची झोळी उलटी केली होती. तिच्यातून तेलाची कुपी आणि तेलकट कापसाच्या तीन पिळलेल्या गुंडाळ्या निघाल्या. सूर्यभानने त्यातली एक वडिलांच्या नाकाशी नेली. महादेवरावांनी वास घेतला, पुन्हा घेतला, आणि खाली बसले. गावाने बाबाला दोराने बांधून अमरावतीच्या चौकीवर पाठवलं. पुढे तो सुटला आणि बाळापूरकडे दुसऱ्या नावाने फिरताना कुणाला तरी दिसला, असं ऐकलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. अशा गोष्टी इथेच संपतात.

महादेवराव उठून म्हणाले, "दमनी जुपा. मैनेले आनाले जातो." सूर्यभान निघाला, आणि मीही त्यांच्याबरोबर गाडीत चढलो. रात्री अमरावतीला मुक्काम केला. सोमवारी उजाडताच शाळेपाशी बैलांना पाणी पाजायला थांबलो तेव्हा शाळेचा शिपाई भगवंत बोलता बोलता म्हणाला की बुधवारी सकाळी एक म्हातारी कुंपणापाशी उभी होती. पडवीत सूर्यभान चुलीवर तेल कढवत होता, त्याच्याकडे बराच वेळ पाहत होती. हा काय करतो आहे, असं तिने विचारलं. भगवंतने सांगितलं, सभेचं काम आहे, बोलावू का? तर ती म्हणाली, "नको. करू दे काम." भगवंतने तिला पाणी दिलं, ती दोन तांबे प्याली आणि पुढे गेली.

सूर्यभान हसला. म्हणाला, "पायलं तिनं मले. आता घरी आल्यावर सारं दाखवीन तिले." वाटेत महादेवरावही मोकळे झाले. बहिणीला रिद्धपूरच्या बाजारातच लुगडं घ्यायचं, कोठा पाडून तिथे तिच्यासाठी खोली बांधायची, असं ते सांगत होते. ती निघाली त्या पहाटे ते दारात उभे होते आणि एक शब्द बोलले नव्हते, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

रिद्धपूर पाच कोसांवर राहिलं असताना वाटेवर एक खेडं लागलं. विहिरीवर एक बाई पाणी ओढत होती. पार्बताबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. अशी अशी बाई इथून गेली का, असं महादेवरावांनी विचारलं. तिने दोर हातातच धरून ठेवला.

"गुरवारी दुपारी आली व्हती," ती म्हणाली. "पानी मांगत व्हती. अमरावतीहून कापूस टाकून रिकाम्या गाड्या आदल्या दिशी गेल्या, त्यायनं सांगतलं व्हतं. जिच्या नावाचा बोळा पेटला ते ह्या वाटेनं येऊन राहिली, तिले जो पानी देईन त्याचं घर पेटते म्हने. माह्या घरी कापूस हाये. लेकरं हायेत. मी दार लावलं."

"मंग?" सूर्यभानने विचारलं.

"मंग दुसऱ्या दाराशी गेली. मंग तिसऱ्या. कोनंच नाई देल्लं. विहिरीवर दोर नोता, बायायनं घरी नेला व्हता. ते त्या बाभळीखाली जाऊन बसली. दिवस बुडाला तरी उठली नाई. कोतवालानं शिवेपलीकडे मूठमाती देल्ली."

मग बाईच पुन्हा म्हणाली, "घागर भरेल व्हती माह्या घरी."

महादेवराव विहिरीच्या काठाशी मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. सूर्यभान रडला नाही. त्याने त्या बाईला फक्त एवढंच विचारलं की तो बोळा पेटताना तुम्ही पाहिला होता का. ती नाही म्हणाली. गावात कुणी पाहिला होता का? कुणीच नाही. मग? बाईने पदर डोळ्यांना लावला. "सारेच म्हनत व्हते, बाप्पा," ती म्हणाली.

परतताना गाडीत मी सूर्यभानची क्षमा मागितली. निबंधाचं सुद्धा सांगितलं. तो बैलांकडे पाहतच म्हणाला, "तू वाईट नाई केलं, चिंतामण. तू उशीर केला." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला पुढची पन्नास वर्षं थोडी सोपी गेली असती.

तो सभेत पुन्हा आला नाही. शाळाही त्याने सोडली. कापूस टाकून परतणाऱ्या रिकाम्या गाड्यांत बसून तो गावोगाव जाऊ लागला. जिथे गाडी थांबे तिथे मडकं मांडायचा, तेल कुणी लावायचं आणि नाव कुणाचं घ्यायचं ते गावकऱ्यांनाच ठरवू द्यायचा. लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, आगगाडी आली, गाड्यांची वर्दळ ओसरली, तरी त्याने ते काम सोडलं नाही. त्या खेड्यात तो पहिल्यांदा गेला तेव्हा पार्बताबाईने स्वतः जवसाचं तेल कढवलं, असं लोक सांगत. आमची सभाही पुष्कळ वर्षं चालली. सातव्या नियमाला पुढे आम्ही पोटकलम जोडलं, तातडीच्या विषयाला आठ दिवसांची अट नाही असं. त्याचा मैनाबाईला काही उपयोग नव्हता.

मी या गोष्टीचा फार विचार केला आहे. मास्तर म्हणत, प्रयोग शनिवारीच साधला, मग रविवारी आधी जाऊन काय दाखवलं असतं? हा मुद्दा बरोबर आहे, आणि मी त्याच्या आड पुष्कळ वर्षं लपलो. पण पहिल्या रविवारी सूर्यभानने प्रयोग मागितला नव्हता. आम्ही अकरा जण आणि मास्तर कोठ्यासमोर जाऊन उभे राहिलो असतो, सगळ्यांदेखत त्या बाईच्या हातात एक तांब्या दिला असता आणि कुणाचंही घर पेटलं नसतं, तर बाबाची निम्मी विद्या तिथेच संपली असती. त्यासाठी जवसाचं तेल समजायची गरज नव्हती. मडक्यातली ज्वाळा वीस पावलांपर्यंत दिसत होती. तिची भीती चौदा कोस चालत गेली, आणि ती नेली तुमच्या-आमच्यासारख्या बऱ्या माणसांनी.

वाचकहो, उद्या तुमच्याही गावात कुणी बाबा येईल. मडकं नसेल, दुसरं काही असेल. तो काय करतो ते तुम्हाला पहिल्या दिवशी उलगडणार नाही, मोरोपंतांसारख्या शहाण्या माणसालाही उलगडलं नव्हतं. त्याची लाज बाळगू नका. युक्ती शोधा, चितारी असो की सोनार, जाणत्याला विचारा, चार वेळा फसा, पाचव्यांदा साधेल. पण त्याच्या आधी एक पाहा: त्या चमत्काराने कुणाचं नाव घेतलं आहे, आणि त्या माणसाच्या तोंडावर कुणी दार लावलं आहे. तिथे आजच जा. त्याला पाणी द्या, चार लोकांसमोर द्या. बाकीचं मग सावकाश शोधता येतं.